मधल्या काळासाठी परदेशी स्टेल्थ विमान घ्यावं का? देखभालीच्या बाजूने एक उत्तर

प्रश्न असा आहे: चीनकडे जे-20 हे स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न सापडणारं, लढाऊ विमान आहे, पाकिस्तानला चीनचंच जे-35 मिळणार अशा बातम्या येतात, आणि आपलं स्वदेशी स्टेल्थ विमान एएमसीए हवाई दलात यायला 2035 उजाडेल. मग मधल्या काळासाठी भारताने अमेरिकेचं एफ-35 किंवा रशियाचं सुखोई-57 घ्यावं का? आणि एफ-35 वर एवढी टीका होत असेल, तर इतके देश ते का घेतात?

मी वैमानिक नव्हतो. माझी नोकरी लढाऊ विमानांच्या देखभालीत आणि नंतर सुट्या भागांच्या खरेदीच्या फायलींमध्ये गेली. त्यामुळे वेग, उंची, कसरती यांच्या तुलनेत मी फारसा शिरणार नाही. विमान विकत घेतल्यावर पुढची चाळीस वर्षं त्याचं काय होतं, ते मला जवळून ठाऊक आहे आणि उत्तरही तिथूनच देतो.

माझं मत आधीच सांगतो. एफ-35 हे विमान म्हणून उत्तम आहे आणि तरीही भारताने ते घेऊ नये. सुखोई-57 घेण्याचं कारण त्याहून कमकुवत आहे. कुठल्याही स्टेल्थ विमानाबद्दल दोन गोष्टी सगळ्यात आधी विचाराव्यात: गरजेच्या सकाळी त्यातली किती विमानं उडू शकतील, आणि ती उडवायला आपल्याला कुणाची परवानगी, कुणाचे सुटे भाग आणि कुणाचं सॉफ्टवेअर लागेल? बाकी सगळी चर्चा याच्यानंतरची.

स्टेल्थ एवढं महाग का पडतं, हे आधी नीट समजून घेऊ. रडारवर विमान किती अंतरावरून दिसेल, हे त्याच्या रडार परावर्तन क्षेत्राच्या (विमान रडारलहरी किती परत पाठवतं, त्याच्या मापाच्या) चौथ्या मुळावर ठरतं. परावर्तन निम्मं केलं, तर दिसण्याचं अंतर जेमतेम 16 टक्क्यांनी घटतं. अंतर दहाव्या भागावर आणायचं असेल, म्हणजे 300 किलोमीटरवरून दिसणारं विमान 30 किलोमीटरपर्यंत दिसू नये असं हवं असेल, तर परावर्तन दहा हजार पटींनी कमी करावं लागतं. म्हणून अर्धवट स्टेल्थचा उपयोग अर्धवटही होत नाही. क्षेपणास्त्रं पोटात लपवावी लागतात, इंजिनाची पाती समोरून दिसू नयेत म्हणून हवेचा मार्ग वळवावा लागतो, पंख आणि शेपटीच्या कडा ठरावीक दिशांनाच ठेवाव्या लागतात, प्रत्येक झाकणाची फट भरावी लागते. आणि हे सगळं कारखान्यातून निघताना जसं होतं, तसंच दहा वर्षांनी पावसाळ्यातही असावं लागतं. एखादं झाकण उघडून आतला पंप बदलला, की त्या झाकणाची कड आणि वरचा लेप पुन्हा मापात आणावा लागतो. साध्या विमानावर जे काम एका शिफ्टमध्ये उरकतं, ते इथे लेप वाळेपर्यंत थांबतं.

शिवाय स्टेल्थ म्हणजे अदृश्यता नव्हे. 27 मार्च 1999 च्या रात्री सर्बियाने अमेरिकेचं एफ-117 पाडलं, तेही 1960 च्या दशकात सेवेत आलेल्या एस-125 क्षेपणास्त्राने. लांब तरंगलांबीच्या रडारला असं विमान अंधुक का होईना दिसतं, विमानं पुन्हा पुन्हा त्याच वाटेने येत होती, आणि सर्बियन तुकडी आपलं मारा करणारं रडार मोजके सेकंदच चालू ठेवत होती. लांब तरंगलांबीच्या रडारने दिशा कळते, पण क्षेपणास्त्र नेमकं नेऊन आदळवण्याइतकी अचूकता बहुधा मिळत नाही. म्हणून स्टेल्थचा फायदा आजही खरा आहे. शत्रूच्या साखळीतला शोध, माग आणि मारा यांपैकी मधला दुवा ते खिळखिळा करतं. फक्त तो फायदा परिस्थितीवर अवलंबून असतो, हे विसरू नये.

आता एफ-35 चं श्रेय त्याला देऊ. ऑक्टोबर 2001 मध्ये लॉकहीड मार्टिनने बोइंगला हरवून हे काम मिळवलं, आणि पुढची पंधरा वर्षं खर्च आणि उशिराच्या बातम्यांनीच ते गाजलं. पण त्यातून जे तयार झालं, त्याची खरी ताकद वेगात किंवा वळण्यात नाहीच. रडार, अवरक्त कॅमेरे, शत्रूच्या रडारलहरी ऐकणारी यंत्रणा आणि सोबतच्या विमानांकडून आलेली माहिती या सगळ्याचं एकच चित्र ते वैमानिकासमोर ठेवतं. जुन्या विमानात हे चित्र वैमानिकाला डोक्यात जुळवावं लागे. इस्रायलने 2018 मध्ये या विमानाचा युद्धात वापर केल्याचं पहिल्यांदा जाहीर केलं, आणि जून 2025 च्या इराणवरच्या मोहिमेत वैमानिक असलेलं एकही विमान गमावलं नाही. त्या यशात गुप्तचर कामाचा, ड्रोनचा, आधीच मोडून ठेवलेल्या हवाई संरक्षणाचा वाटा मोठा होता, पण एफ-35 चा वाटाही नाकारता येणार नाही.

किमतीचंही तसंच. 2022 च्या अमेरिकी करारात एफ-35ए चं नुसतं विमान साधारण सव्वाआठ कोटी डॉलरला पडलं. हजाराहून अधिक विमानं बनली की असं होतं. युरोपातल्या कितीतरी नॉन-स्टेल्थ विमानांपेक्षा हा आकडा फारसा जास्त नाही. म्हणून फिनलंडने 64, पोलंडने 32, बेल्जियमने 34 विमानं मागवली, तर जपानने 147 ची योजना आखली. जर्मनीने 35 घेतली ती मुख्यतः एका कामासाठी: त्यांच्या भूमीवर ठेवलेले अमेरिकेचे बी-61 अणुबॉम्ब वाहून नेण्यासाठी जुन्या टोर्नेडोच्या जागी दुसरं विमान हवं होतं. हे बहुतेक देश अमेरिकेसोबत एकाच लष्करी करारात आहेत. त्यांचं युद्ध होईल ते अमेरिकेच्या बरोबरीनेच होईल, हे त्यांनी गृहीत धरलं आहे. सुटे भाग एका सामाईक साठ्यातून येतील, सॉफ्टवेअर एका ठिकाणाहून येईल, ही त्यांच्या दृष्टीने सोय आहे. आपल्या दृष्टीने तीच अडचण ठरते. त्यांनी घेतलं म्हणून आपण घ्यावं, हा युक्तिवाद म्हणूनच लंगडा आहे.

माझ्या विषयाकडे येतो. अमेरिकेच्या संसदेला लेखापरीक्षण करून देणारी जीएओ ही संस्था एफ-35 वर दरवर्षी अहवाल काढते. मार्च 2023 मध्ये अमेरिकेच्या स्वतःच्या ताफ्यातली जेमतेम 55 टक्के विमानं मोहिमेला निघण्याच्या स्थितीत होती. कारणं वाचली तर आमच्यासारख्या माणसाला सगळी ओळखीची वाटतात: दुरुस्ती केंद्रं उभी राहायला उशीर, सुट्या भागांचा तुटवडा, तंत्रज्ञांचं अपुरं प्रशिक्षण, आणि उत्पादक कंपनीने हातात न दिलेली तांत्रिक माहिती. ताफा आयुष्यभर चालवण्याचा अंदाजे खर्च 2018 मध्ये 1.1 लाख कोटी डॉलर होता, 2023 पर्यंत तो 1.58 लाख कोटी झाला. आणि वाढ अशी की दर विमानामागे उड्डाणाचे तास कमी करण्याची योजना असूनही ती झाली.

हे टक्के कागदावर निरुपद्रवी दिसतात. 36 विमानं घेतली आणि 55 टक्के उपलब्धता मिळाली, तर सकाळी 20 विमानं हाती येतात. 75 टक्के मिळाली तर 27. मधली सात विमानं म्हणजे जवळजवळ निम्मी स्क्वाड्रन (16 ते 18 विमानांची तुकडी). त्या 20 मधूनही काही प्रशिक्षणाला जातात, काही पूर्ण शस्त्रास्त्रांसह उडू शकत नाहीत. आपण हे भोगलं आहे. आपल्या हवाई दलाचा कणा असलेल्या सुखोई-30 एमकेआयची उपलब्धता कॅगच्या तपासणीत 55 ते 60 टक्क्यांच्या घरात निघाली होती, निकष 75 चा असताना. ही विमानं नाशिकजवळ ओझरला बनतात, ओव्हरहॉल तिथेच होतो, तरीही ही गत होती, कारण कितीतरी भाग रशियाहून यायचे आणि तिथली दुरुस्तीची साखळी आपल्या हातात नव्हती. भाग न आल्याने उभ्या असलेल्या विमानातून एक यंत्र काढायचं, दुसऱ्याला बसवायचं, मग पहिल्यासाठी नवीन भागाची वाट पाहायची. प्रत्येक वेळी काम दुप्पट, आणि काढता-घालताना काहीतरी मोडण्याची जोखीम वेगळी. मी ज्या तळांवर होतो तिथे हे करताना तंत्रज्ञांनी रात्री जागवल्या आहेत. त्यांच्या कौशल्याला तोड नव्हती, पण कौशल्याने गोदामातली रिकामी फळी भरत नाही.

पुढे राफेलच्या 2016 च्या करारात आपण पुरवठादाराकडून 75 टक्के उपलब्धतेची हमी लिहून घेतली. त्या कराराभोवती झालेल्या राजकीय गदारोळात या कलमाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. माझ्या मते ते त्या करारातलं सर्वात मोलाचं कलम होतं.

जून 2025 मध्ये ब्रिटिश नौदलाचं एक एफ-35बी तिरुवनंतपुरमला उतरलं. खराब हवामानात विमानवाहू जहाजावर परतता आलं नाही, इंधन कमी होतं. मग हायड्रॉलिक यंत्रणेत दोष निघाला आणि विमान तिथेच अडकलं. 14 जूनला आलेलं विमान 22 जुलैला उडालं. समाजमाध्यमांवर त्याच्यावर विनोदांचा पाऊस पडला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. हायड्रॉलिक बिघाड कुठल्याही विमानात होतो. लक्षात घेण्यासारखं होतं ते हे की जहाजावरून आलेल्या तंत्रज्ञांना तो जागेवर दुरुस्त करता आला नाही, ब्रिटनहून खास पथक आणि उपकरणं मालवाहू विमानाने आणावी लागली, आणि सुरुवातीचे आठवडे विमान पावसात उघड्यावर, पहाऱ्यात उभं राहिलं. कार्यक्रमात पहिल्यापासून भागीदार असलेल्या देशाच्या विमानाची ही कथा. आपल्या एखाद्या पुढच्या तळावर, युद्धाच्या तिसऱ्या दिवशी, असंच विमान अडकलं तर पथक कुठून येणार, याचं उत्तर करारावर सही करण्याआधी हातात हवं.

एफ-35 चे सुटे भाग खरेदीदार देशाच्या मालकीचे असतीलच असं नाही. बहुतांश भाग एका जागतिक साठ्यात असतात, त्याची मालकी अमेरिकी सरकारची, आणि कुणाला आधी द्यायचं ते तिथून ठरतं. शांततेच्या काळात ही पद्धत स्वस्त पडते. पण आपलं युद्ध आणि त्यांची प्राथमिकता एकाच दिवशी जुळेल, याची खात्री कोण देणार?

सॉफ्टवेअरचा मुद्दा याहून नाजूक आहे. एफ-35 मध्ये दूरून विमान बंद पाडणारं गुप्त बटण आहे का, यावर 2025 च्या वसंतात युरोपात बरीच आरडाओरड झाली. अमेरिकेने असं बटण नसल्याचं जाहीर केलं. माझ्या मते ते खरं आहे, पण त्याने फरक पडत नाही. बटणाची गरजच नाही. शत्रूची रडारं कुठली, त्यांच्या लहरी कशा ओळखायच्या, कुठल्या वाटेने गेलं तर कमी दिसू, हे सगळं विमानाला सांगणाऱ्या माहितीच्या फायली असतात. त्या प्रामुख्याने फ्लोरिडातल्या एग्लिन तळावर तयार होतात. त्या अद्ययावत झाल्या नाहीत तर विमान उडतं, पण दर महिन्याला थोडं थोडं आंधळं होत जातं. इस्रायलला स्वतःची इलेक्ट्रॉनिक युद्धयंत्रणा बसवण्याची मुभा मिळाली. तेवढी मुभा दुसऱ्या कुणाला सहज मिळेल असं दिसत नाही. आपल्या शत्रूंच्या यादीतली रडारं चिनी आणि पाकिस्तानी असतील, त्यांची माहिती आपण गोळा केलेली असेल, आणि ती विमानात भरायला आपल्याला दुसऱ्याच्या प्रयोगशाळेच्या रांगेत उभं राहावं लागेल.

त्यात आपल्याकडे एस-400 ही रशियन हवाई संरक्षण क्षेपणास्त्र यंत्रणा आहे. 2018 मध्ये सुमारे 543 कोटी डॉलरना आपण ती यंत्रणा घेतली. तुर्कस्तान एफ-35 कार्यक्रमाचा मूळ भागीदार होता, विमानाचे भाग तिथे बनत होते, तरी एस-400 चे पहिले खोके उतरताच जुलै 2019 मध्ये अमेरिकेने त्याला कार्यक्रमाबाहेर काढलं. कारण उघड होतं: एकाच देशात एफ-35 रोज एस-400 च्या रडारसमोर उडालं, तर त्याची रडारवरची छबी रशियन यंत्रणेत साठत जाईल. फेब्रुवारी 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी भारताला एफ-35 देण्याचा मार्ग मोकळा करत असल्याचं जाहीर केलं, आणि ऑगस्टमध्ये आपल्या सरकारने संसदेत सांगितलं की यावर कुठलीही औपचारिक चर्चा झालेली नाही. एस-400 चा प्रश्न न सोडवता ही चर्चा पुढे जाईल कशी, हे मला तरी समजत नाही. आणि ऑपरेशन सिंदूरमध्ये एस-400 ने 300 किलोमीटरवरून एक मोठं विमान पाडल्याचं खुद्द हवाई दलप्रमुखांनी सांगितल्यावर, ती यंत्रणा कुणाच्या अटीसाठी बाजूला ठेवावी असं कुणी म्हणणार नाही.

शस्त्रांचंही पाहा. ब्रिटनला आपलं मिटिऑर क्षेपणास्त्र एफ-35बी वर बसवायचं आहे. ते काम 2030 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत लांबलं आहे. ब्रिटनची ही अवस्था असेल, तर आपल्या अस्त्र क्षेपणास्त्राचा क्रमांक कधी लागेल? सुखोई-30 आणि तेजसवर अस्त्र बसवताना आपण आपल्या वेळापत्रकाने काम केलं. ब्राह्मोससारखं जड क्षेपणास्त्र सुखोई-30 च्या पोटाखाली लावायला विमानाच्या सांगाड्यात बदल करावे लागले, तेही आपल्याच माणसांनी केले. ती मोकळीक गमावण्याची किंमत कुठल्याही निविदेच्या तक्त्यात येत नाही.

किमतीवर दोन शब्द, कारण सार्वजनिक वादात सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. राफेलच्या वेळी सुमारे 59 हजार कोटी रुपयांना 36 ने भागून एका विमानाची किंमत 1,600 कोटी काढली गेली, आणि मग ती दुसऱ्या कुठल्या तरी देशाच्या नुसत्या विमानाच्या किमतीशी ताडली गेली. आपल्या आकड्यात क्षेपणास्त्रं, सुटे भाग, दोन तळांवरची बांधकामं, भारतासाठीचे खास बदल आणि देखभालीची हमी होती. असे दोन आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. एफ-35 च्या बाबतीत उलटं घडतं: सव्वाआठ कोटी डॉलर हा आकडा सगळे सांगतात, आणि हवामान-नियंत्रित हँगर, सुरक्षित इमारती, सिम्युलेटर, दर काही वर्षांनी येणारं हार्डवेअर बदलण्याचं बिल याबद्दल कुणी बोलत नाही.

स्वित्झर्लंडचं उदाहरण मी प्रत्येक खरेदी अधिकाऱ्याला वाचायला लावीन. 2020 मध्ये तिथे 600 कोटी फ्रँकच्या खर्चावर सार्वमत झालं आणि 50.1 टक्क्यांनी ते मंजूर झालं. मग 36 एफ-35 निवडली गेली. सरकार जनतेला सांगत राहिलं की किंमत निश्चित आहे. 2025 मध्ये अमेरिकेने कळवलं की तसं काही नाही, महागाई आणि कच्च्या मालाचे दर वाढले की किंमत वाढेल. 65 ते 130 कोटी फ्रँकचा जादा भार समोर आला. अमेरिकेच्या सरकार-ते-सरकार विक्रीत पत्रावर लिहिलेली किंमत हा अंदाज असतो. अमेरिकी सरकार स्वतः उत्पादकाला जे देईल, ते खरेदीदाराकडून वसूल होतं. कॅनडाने 88 विमानांसाठी 1,900 कोटी कॅनेडियन डॉलर सांगितले होते. 2025 मध्ये त्यांच्या महालेखापरीक्षकांनी दाखवलं की अंदाज 2,770 कोटींवर गेला आहे, आणि वैमानिक व तळ दोन्ही वेळेत तयार नाहीत.

वेळेचा मुद्दा मात्र या सगळ्या वादाचा गाभा आहे, कारण "मधल्या काळासाठी" हीच तर मागणी आहे. स्वित्झर्लंडने 2022 मध्ये सही केली, पहिली विमानं 2027 पासून. राफेल आपण सप्टेंबर 2016 मध्ये थेट सरकार-ते-सरकार करारात घेतलं, म्हणजे निविदेचा सगळा रस्ता टाळून, तरी अंबाल्यात पहिली तुकडी जुलै 2020 मध्ये उतरली आणि शेवटचं विमान 2022 च्या डिसेंबरात. आणि त्याआधीची 126 विमानांची निविदा 2007 पासून 2015 पर्यंत चालून रद्दच झाली होती. आज परदेशी स्टेल्थ विमान घ्यायचं ठरवलं, तरी संरक्षण खरेदी परिषदेची मंजुरी, वाटाघाटी, मंत्रिमंडळ समिती, मग रांगेतला क्रमांक, मग तळाची बांधकामं, वैमानिक आणि तंत्रज्ञांचं प्रशिक्षण, हे सगळं धरून पहिली लढाऊ स्क्वाड्रन 2030 च्या आधी उभी राहणार नाही. बहुधा दोन-तीन वर्षं नंतरच. म्हणजे मधला काळ भरायला घेतलेलं विमान मधला काळ संपत आल्यावर येईल, आणि नंतर चाळीस वर्षं त्याचा खर्च चालू राहील.

यावर समोरून येणारा आक्षेप जोरदार आहे आणि तो मी टाळणार नाही: एएमसीए वेळेवर येईल हे कशावरून? तेजसचा कार्यक्रम 1983 मध्ये मंजूर झाला, पहिलं उड्डाण 2001 मध्ये, पहिली स्क्वाड्रन 2016 मध्ये. तेजस एमके-1ए साठी अमेरिकन एफ-404 इंजिनांचा करार 2021 चा, आणि पहिलं इंजिन मार्च 2025 मध्ये हाती आलं. हवाई दलप्रमुख अमर प्रीत सिंग यांनी मे 2025 मध्ये उघडपणे सांगितलं की वेळेवर पूर्ण झालेला एकही प्रकल्प आपल्याला आठवत नाही. मलाही वाटतं की एएमसीए 2035 ला पहिल्या स्क्वाड्रनमध्ये दिसलं तर ते चांगलं काम म्हणावं लागेल, आणि दोन-तीन वर्षांची घसरण आत्ताच हिशोबात धरावी. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. आपला प्रकल्प उशिरा होतो म्हणून परदेशी विमान घ्यावं, असं म्हणणाऱ्यांनी पैशांचं गणित मांडावं. एएमसीएच्या विकासासाठी मार्च 2024 मध्ये सुमारे 15 हजार कोटी मंजूर झाले. दोन स्क्वाड्रन परदेशी स्टेल्थ विमानांना त्याच्या कितीतरी पट लागतील. तेवढा पैसा आणि तेवढे कुशल अभियंते एका वेळी दोन दिशांना गेले, तर उशीर कुठल्या प्रकल्पाला होईल, हे कुणीही सांगू शकेल.

सुखोई-57 बद्दल थोडक्यातच लिहितो. याच विमानावर आधारित संयुक्त प्रकल्पात आपण सुमारे 29.5 कोटी डॉलर घातले आणि 2018 मध्ये बाहेर पडलो, कारण स्टेल्थ, इंजिन आणि संवेदक यांवर हवाई दलाचं समाधान झालं नव्हतं. आज रशिया देशात उत्पादन आणि सॉफ्टवेअरची मोकळीक देऊ करत असल्याचं सांगितलं जातं, ओझरची सुखोईची साखळी हाताशी आहे, हे खरे फायदे आहेत. पण युक्रेन युद्धामुळे एस-400 च्या पाचपैकी शेवटच्या दोन यंत्रणा वर्षानुवर्षं लांबल्या. रशिया स्वतःसाठीच हे विमान मोजक्या संख्येने बनवत असताना आपली सुट्या भागांची मागणी त्यांच्या यादीत कितव्या क्रमांकावर असेल, याचा अंदाज सुखोई-30 च्या अनुभवावरून बांधता येतो. वर रशियाकडून मोठी शस्त्रखरेदी करणाऱ्यांवरच्या अमेरिकेच्या 2017 च्या निर्बंध कायद्याची टांगती तलवार, आणि तेजस आणि एएमसीए या दोघांचीही सुरुवातीची इंजिनं अमेरिकन.

मग मधल्या काळात करायचं काय? सप्टेंबर 2025 मध्ये मिग-21 निवृत्त झाल्यावर 42 मंजूर स्क्वाड्रनपैकी 29 उरल्या. ही खरी दुखरी जागा आहे आणि स्टेल्थ विमानांच्या दोन स्क्वाड्रननी ती बुजत नाही. तिला तेजसचा वेग लागेल. आत्तापर्यंत 180 एमके-1ए ची मागणी नोंदली गेली आहे, ती विमानं आणि इंजिनं वेळेत येणं याला माझ्या यादीत पहिलं स्थान. दुसरं, सुखोई-30 ताफ्याची उपलब्धता. 260 च्या आसपास विमानांमध्ये उपलब्धता दहा टक्क्यांनी वाढवली, तर एकही नवीन विमान न घेता रोज 26 जादा विमानं हाताशी येतात. बातम्यांत न झळकणारं हे काम सुटे भाग देशात बनवणं, दुरुस्तीचा कालावधी कमी करणं आणि पाच वर्षांचे पुरवठा करार आधीच करून ठेवणं यातून होतं. तिसरं, हवेतून टेहळणी करणारी आणि इंधन भरणारी विमानं. आपल्याकडे ती फारच थोडी आहेत, इंधन भरणारी इल्युशिन-78 अवघी सहा. स्टेल्थ विमान लवकर शोधायचं तर अनेक दिशांनी पाहणारे अनेक डोळे एका जाळ्यात लागतात, आणि हे जाळं एएमसीए आलं तरी लागणारच आहे. चौथं, इंजिन. फ्रान्सच्या सॅफ्रानबरोबर 120 किलोन्यूटनच्या इंजिनाचं काम पुढे सरकत आहे, त्याला पैशाची आणि चाचणी सुविधांची टंचाई पडू देऊ नये. आणि पाचवं, एएमसीएचे तंत्रज्ञ आत्तापासून तयार करा. लेप कसा तपासायचा, कड कशी मापायची, विमानाची रडारछबी तळावरच कशी मोजायची, हे शिकायला दहा वर्षं जास्त नाहीत.

शेवटचा भाग जे-20 आणि जे-35 चा. 2024 मध्ये तिबेटमधल्या शिगात्सेच्या धावपट्टीवर जे-20 उपग्रह चित्रांत दिसली. पश्चिम बंगालमधल्या हासिमारा तळावरच्या राफेलपासून ती जागा तीनशे किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे काळजी योग्यच आहे. पण शिगात्से समुद्रसपाटीपासून 3,800 मीटरवर आहे. एवढ्या विरळ हवेत इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात, म्हणून इंधन किंवा शस्त्रं कमी घेऊनच उडावं लागतं. आपली हासिमारा, तेजपूर, छाबुआ ही विमानतळं सखल मैदानात आहेत. हा भूगोलाचा फायदा कुठल्याही करारात विकत मिळत नाही. पाकिस्तानचं म्हणाल, तर जून 2025 मध्ये त्यांच्या सरकारने चीनने 40 विमानं देऊ केल्याचं जाहीर केलं आणि लगेच त्यांच्याच संरक्षणमंत्र्यांनी तो मुद्दा सौम्य केला. विमानं आली, तरी देखभाल, लेप, माहितीच्या फायली आणि सुट्या भागांची जी साखळी मी वर सांगितली, तिची सगळी टोकं त्यांच्या बाबतीत बीजिंगमध्ये असतील. ती विमानं उतरल्यापासून पूर्ण क्षमतेने लढायला लागेपर्यंत किमान तीन-चार वर्षं जातील, आणि त्या वर्षांत आपल्या टेहळणी विमानांची, जमिनीवरच्या लांब तरंगलांबीच्या रडारांची आणि अस्त्रच्या पुढच्या आवृत्तीची संख्या किती वाढते, याकडे मी लक्ष ठेवून असेन.